साठीची कॅसेट

माझ्या साडूंनी आयुष्यात एकही काम वाईट केलेलं नाही, आणि ही गोष्ट मी त्यांना अजून माफ केलेली नाही. सासऱ्यांना दोन मुली. थोरली मला दिली, धाकटी त्यांना. नात्याने मी मोठा, वयाने मोठा, टक्कलही माझंच आधी पडलं, तरी सासुरवाडीत पाय ठेवला की सासूबाई पाण्याचा तांब्या पुढे करता करता विचारायच्या, "हजीऱ्याचे कधी निघणार म्हणाले?" साडू सुरतेजवळ हजीऱ्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते आणि कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहत. मी कोसाडला राहायचो आणि मराठी शाळेत शिकवायचो. पण "कोसाडचे आले" असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. माझ्यासाठी "हे पण आलेत" एवढंच वाक्य राखून ठेवलेलं होतं.

कारखान्यात साडूंचं काम मोजमापाच्या उपकरणांचं. दिवसभर काटे बघायचे, काटा हलला की का हलला ते शोधायचं आणि तो जागेवर आणायचा. घरी आल्यावरही त्यांचा हा शोध थांबत नसे. नव्वदनंतरच्या दोन-तीन वर्षांत कधीतरी त्यांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून सगळ्या नातेवाइकांमधले हललेले काटे शोधणं सुरू झालं. डुमसच्या समुद्रावर आम्ही सगळे भजी खात होतो आणि हे समुद्राकडे बघून म्हणाले, "कॉन्ट्रास्ट नाही हो अजिबात." मला एकदा ताप होता. बघायला आले, कपाळाला हात न लावता लांबूनच निरखलं आणि म्हणाले, "साडूभाऊ, लाल जरा जास्त येतोय." एका लग्नात तर त्यांनी ऐन मंगलाष्टकांच्या तोंडावर भटजींना थांबवलं. कॅमेऱ्याला पांढरा रंग कोणता ते आधी दाखवावं लागतं, नाहीतर सगळी माणसं काविळीची दिसतात, असं त्यांचं म्हणणं. "गुरुजी, जरा इकडे वळा, तुमच्या उपरण्यावर पांढरा धरतो." भटजी वळले. उपरणं कॅमेऱ्याला पसंत पडलं नाही. मग नवरदेवाच्या मामांचं धोतर बघितलं, तेही नापास झालं. शेवटी वधूच्या आजीचे केस पास झाले आणि लग्न पुढे सरकलं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर लोकांनी त्याला मांडवाबाहेर काढलं असतं. साडूंनी केल्यावर लोक म्हणाले, "बघा, किती बारकाईने करतात!"

मीही मग हप्त्याने जुना व्हीसीआर घेतला. आमच्या हिला सांगितलं, मुलांच्या अभ्यासासाठी. तो घरी आला त्या दिवशी साडू पेढे घेऊन आले, मशीनला कान लावून ऐकलं आणि "छान आहे, फक्त टेप वाचणारं हेड धुवून घ्या" म्हणाले. त्यांच्या व्हीसीआरला मखमलीचं झाकण होतं. त्यांच्या कॅसेटी पुस्तकांसारख्या उभ्या असायच्या, प्रत्येकीच्या डब्यात बुटांच्या खोक्यातून जमवलेली ओलावा शोषणारी पुडी. दर दिवाळीला फराळाआधी ते सगळ्या कॅसेटी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून घेत. त्याला ते "कॅसेटींना हवा देणं" म्हणत. माझी मुलगी शाळेतल्या गुजराती मैत्रिणींसारखं मावशीच्या नवऱ्याला मासा म्हणायची. एकदा ती माझ्यासमोर बसून शांतपणे म्हणाली, "पप्पा, मासांच्या टीव्हीत माणसांना कान असतात." मुलाच्या मुंजीला मी मुद्दाम बाहेरचा व्हिडिओवाला बोलावला होता, आणि त्याच्या कॅसेटमध्ये बटूला कान नव्हते हे खरं आहे.

पण मला खरी ठेच लागली ती सासऱ्यांच्या साठीला. उधन्याला लग्नकार्याचा हॉल घेतला होता. इथे हॉलला वाडी म्हणतात. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्याकडच्या गावाहून भुसावळ पॅसेंजरने मुद्दाम आले होते. होम झाला, ओवाळणं झालं, मग आहेराची वेळ आली. मान थोरल्या जावयाचा. सासरे उठले, मला शाल पांघरली, हातात नारळ दिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी चांगला चेहरा करून कॅमेऱ्याकडे बघितलं. कॅमेऱ्यामागे साडू नव्हते. बॅटरी संपली म्हणून ते दुसरी आणायला गेले होते. परत आले आणि भर सभेत, अगदी मनापासून, म्हणाले, "साडूभाऊ, शाल परत द्या ना. पुन्हा घेऊ या."

लोक हसले. सासरेही हसले आणि शाल परत घ्यायला त्यांनी हात पुढे केला. मी शाल खुर्चीवर टाकली आणि तडक मागच्या अंगणात जाऊन बसलो. तिथे आचारी जिलब्या तळत होता. तो मला दोनदा म्हणाला, "जाओ ने साहेब, तमारे घेर प्रसंग छे, अंदर फोटा पडे छे." मी म्हटलं, पडू देत फोटो. मग त्याने ताटलीत गरम जिलब्या वाढल्या आणि पंगत बसेपर्यंत मी त्या खात राहिलो. मला बोलवायला कुणीही आलं नाही याचा मला फार राग आला होता.

महिन्याभरात साडूंनी साठीची एकेक कॅसेट प्रत्येक घरी पोचवली. सोबत सुवाच्य अक्षरातली यादी: कितव्या मिनिटाला होम, कितव्या मिनिटाला मावशींचे उखाणे. बाकीच्यांनी ती दहा-दहा वेळा पाहिली. मी ना कॅसेट लावली, ना यादी वाचली. कॅसेट कपाटात आडवी टाकली. पुढे एकदा क्रिकेटची मॅच होती आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. बाजारात मिळाली असती, पण मला ती हवीच नव्हती. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची एक बारीक चीप असते. ती मोडली की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. साडूंनी ती काळजीपूर्वक मोडलेली होती. मी त्या भोकावर चिकटपट्टी लावली, वर अंगठा फिरवला आणि साठीच्या अख्ख्या समारंभावर मॅच भरली. सांगायला लाज वाटते, पण हे करताना मला फार बरं वाटलं होतं. मॅच आपण हरलो.

त्यानंतर वर्षभरात आबा गेले. गावी असतानाच, दुपारी झोपेत. त्यांचे फोटो म्हणाल तर घरात दोन. एक रेशनकार्डासाठी काढलेला आणि एक ग्रूपमधला, त्यात ते तिसऱ्या रांगेत आहेत.

दशक संपत आलं तेव्हा सुरतेत डिस्कचं वारं आलं. कॅसेटी खराब होतात, चकत्या कायम टिकतात, असं जो तो सांगू लागला. साडूंनी कॉम्प्युटर घेतला, त्यात कसलंसं कार्ड बसवलं, डिस्क लिहायचं यंत्र आणलं आणि एक खोली त्याला देऊन टाकली. रविवारी त्या खोलीत काम सुरू झालं की घरातला फ्रीज बंद, मिक्सर बंद, कारण विजेची लाइन हलली की चित्र हलतं. माझ्या मेव्हणीने तो सगळा उन्हाळा चटणी पाट्यावर वाटली. तीन तासांची कॅसेट असेल तर साडू तीनही तास पुढ्यात बसून बघत. एका डिस्कवर तासाभराहून थोडं जास्त मावतं, म्हणून एका कॅसेटच्या तीन डिस्का होत, आणि तोडायचं कुठे यावर ते आठवडाभर विचार करत. "अंतरपाट दूर झाला आणि डिस्क संपली, असं चालेल का? माणसं उठून डिस्क बदलणार, तोवर हार कोण घालणार?" एखाद्या ठिकाणी रेघ थरथरली की अख्खी डिस्क बाद. बाद डिस्का त्यांनी अंगणात कढीलिंबाला टांगल्या होत्या. पक्षी पानं खात नाहीत, म्हणे. त्या चमकत्या झाडासमोरून स्कूटर नेताना माझ्या पोटात दुखायचं.

मी अर्थातच मुंजीची कॅसेट डिस्क करायला बाजारात दिली. दुकानदार म्हणाला, "एकदम टॉप क्वालिटी, जोई लो साहेब." बघितलं तर बटूचा चेहरा सतरंजीसारखा चौकटी-चौकटींचा. भिक्षावळीत आई कोण आणि मावशी कोण ते कळेना.

ती डिस्क बघूनच आमची ही म्हणाली, "बाजारात नको आता काही द्यायला. साठीची कॅसेट मी ताईकडे धाडलीय." धाकटी बहीण असूनही ती तिला ताई म्हणते. मी म्हटलं, "कशाला?" ती म्हणाली, "कशाला म्हणजे? आबा आहेत ना त्यात. चांगली चार मिनिटं आहेत. यादीत लिहिलंय की, अडतिसाव्या मिनिटाला, 'धुळ्याचे आबा'. तुम्ही कधी वाचली नाहीत?"

माझ्या हातातला चहाचा कप मी खाली ठेवला. आबा चालताना-बोलताना फक्त त्या एका समारंभात टिपले गेले होते. इतरांकडे प्रती असतीलही, पण आमच्या घरच्या आबांवर मी स्वतःच्या हाताने मॅच भरली होती. हिला काही न सांगता मी स्कूटर काढली. इच्छापोरच्या रस्त्यावर कारखान्यांच्या ट्रकांमागे धूळ खात मी एकच विचार करत होतो, की साडूंनी अजून ती लावली नसावी. लावली असेल तर संध्याकाळपर्यंत सगळ्या नात्यात बोभाटा होणार, की या माणसाने स्वतःच्या बापाला पुसलं. पुसलंच होतं मी.

पोचलो तेव्हा साडू टेबलाशी बसले होते आणि कॅसेट त्यांच्या हातात होती. डोळ्यांजवळ धरून ते चिमट्याने तिच्या कडेची चिकटपट्टी सोलत होते. त्यांनी मला बघितलं. सोललेली पट्टी चिमट्यानेच टेबलावर ठेवली. मग ते म्हणाले, "उन्हाळ्यात ही पट्टी सुटते, साडूभाऊ. आत गेली तर हेडला गोंद लागतो."

मी दारातच थांबलो. "आबा होते हो त्यात," मी म्हणालो.

"बसा," ते म्हणाले. आतून मेव्हणी बाहेर आली आणि "भाऊजी, अचानक?" म्हणाली. तेव्हा साडू तिला सहज आवाजात म्हणाले, "यांच्या कॅसेटला बुरशी धरलीय. मी आपल्या मूळ कॅसेटवरूनच करतोय. क्वालिटीही चांगली येते." बुरशी! कॅसेटींना हवा देणारा, पुड्या घालणारा हा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर खोटं बोलला, आणि तेसुद्धा इतकं चांगलं बोलला की मला पुन्हा हेवा वाटला. कॅमेऱ्यातल्या छोट्या मूळ कॅसेटी त्यांनी एकही पुसलेली नव्हती. साठीच्या डिस्का तयारच होत्या. त्यांनी पहिली लावली, अडतिसाव्या मिनिटापाशी आणली, आणि स्वतः उठून दाराशी जाऊन उभे राहिले.

आबा वाडीतल्या लोखंडी खुर्चीत बसलेले. इस्तरीचं धोतर, नवा सदरा. डोक्यावर टोपी नव्हती. ती त्यांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली होती. कॅमेरा बघून ते जरा लाजले आणि मग म्हणाले, "मना पोऱ्या कोठे शे? त्याना बी फोटू काढ ना भो." कॅमेऱ्यामागून साडूंचा आवाज आला, "येतील, आबा. आपण थांबू की." आणि ते खरंच थांबले. आबा हात गुडघ्यावर ठेवून दाराकडे बघत बसले. कुणीतरी पाहुणा त्या रिकाम्या खुर्चीशी आला, तेव्हा आबांनी टोपीवर हात ठेवला. "आठे नका बठू. आठे मना पोऱ्या बठी." पाहुणा गेला. आबा पुन्हा दाराकडे बघू लागले. चित्र जरासुद्धा हलत नव्हतं. आबांच्या दाढीचे पांढरे खुंट मोजता आले असते, टोपीच्या घडीवरचा तेलाचा डाग दिसत होता. बाजारातल्या डिस्कसारख्या चौकटी असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

डिस्क थांबल्यावर मी विचारलं, "मला बोलवायचं नाहीत का?"

"आबाच नको म्हणाले," साडू म्हणाले. "म्हणाले, थोरला जावई आहे, कामात असेल. कामं टाकून कशाला बोलवायचं?"

साडू नंतर बदली होऊन दहेजकडे गेले. कढीलिंबाचं झाड डिस्कांसकट तिथेच राहिलं. सासुरवाडीला आता आम्ही दोघंही म्हातारे जावई एकाच वेळी पोचतो. आमच्या हिला, सासूबाईंना, कुणालाही आजवर बुरशीपलीकडे काही कळलेलं नाही. साडूंच्या कॅमेऱ्याचं, त्यांच्या टीव्हीतल्या कानांचं मला आता काही वाटत नाही. जळतो मी अजूनही, पण फक्त त्या चार मिनिटांसाठी. आबा माझी वाट बघत होते आणि त्यांच्यासमोर साडू उभे होते. मी मागे आचाऱ्याजवळ बसून जिलब्या खात होतो.