झेंडूचा हार आणि झाकणाचा स्विच

२५ ऑक्टोबर २०२३, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटे. बेळगावातल्या आमच्या कारखान्यात दसऱ्यानंतरची पहिली पाळी सुरू होती. वायर कापून, टोकाचं आवरण सोलून त्यावर पितळी टर्मिनल दाबून बसवणारं स्वयंचलित यंत्र माझ्या देखरेखीखाली होतं. खंडेनवमीला त्याची पूजा झाली होती. पूजेचा हार आपोआप गळेपर्यंत काढायचा नाही, असा आमच्याकडचा शिरस्ता.

यंत्रावर आक्का होत्या. शहापूरच्या विणकर घरातल्या. घरी जाऊन मागावर बसत, तुटलेला धागा उजव्या तर्जनीनं सांधत. टर्मिनलची पट्टी अडकली म्हणून त्यांनी झाकण उघडून बोट आत घातलं. झाकण उघडलं की यंत्र थांबतं. त्या दिवशी थांबलं नाही. हार घसरू नये म्हणून कोणीतरी त्याचा दोरा झाकणाच्या स्विचभोवती घट्ट गुंडाळला होता. यंत्राच्या लेखी झाकण बंदच होतं.

टर्मिनल दाबणारा पोलादी ठोकळा, म्हणजे पंच, खाली आला. हाड फुटल्याचा आवाज मोटरच्या घरघरीतही स्पष्ट ऐकू आला. पंच बोटात रुतून अडकला आणि यंत्र बंद पडलं. आक्कांनी किंचाळत हात ओढला, तशी कातडी सोलवटली.

सुपरवायझर अण्णा धावत आले ते थेट यंत्र सुरू करायच्या हिरव्या बटणाकडे. "एक स्ट्रोक पुरा करूया मॅडम. पंच वर जातोय, बोट सुटतंय."

"वर जायच्या आधी तो पुरता खाली येईल! बोट तुटेल."

"लई शिकलाय म्हणून हितं शिकवू नका. बाई मराय लागलीया!"

त्यांचा हात बटणापर्यंत पोचला. मी खांद्यानं धडक दिली. ते वायरच्या रिळांवर आदळले, उठले आणि त्यांनी माझी वेणी धरली. मी कोपर मागे हाणलं. त्यांच्या नाकातून रक्ताची धार लागली.

"सोडा तिला, अण्णा!" आक्का ओरडल्या. "बोट माझं हाय, तुमचं न्हाय!"

वेणी सुटली. मी मुख्य वीज तोडली, पंच खाली-वर करणाऱ्या शाफ्टला पाना लावला आणि सगळं वजन टाकून तो उलटा फिरवला. पंच वर सरकला. बोट बाहेर आलं, ते टर्मिनलसकट.

दवाखान्याच्या व्हरांड्यात अण्णा नाकावर पट्टी बांधून बसले होते. "कॉलेजात सायन्स शिकवत्यात का कुस्ती?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी हाडात तारा घालून बोट राखलं होतं. ते वाकेल, अशी खात्री मात्र दिली नव्हती.

तारा निघाल्यावर मी कोनमापक घेऊन आक्कांच्या घरी गेले. डाव्या हातानं धागा सांधून दाखवताना त्यांची तर्जनी मधल्या सांध्यात चाळीस अंश वाकली; सांधायला उजवीलाही तेवढंच वाकावं लागणार होतं. उजवी बावीसवर अडली.

"दुखत असेल तर थांबा."

"गप मोज गं."

त्यांनी डाव्या हातानं ते बोट आत रेटलं. सांधा कडकडला, ओठ दातांखाली फाटला. मग आधार काढून घेतला आणि बोट जिथं होतं तिथंच धरून ठेवलं. मी आकडा नोंदवला: ४३ अंश.