पानावरून उठवू नकोस

आमचे हे पोलीस खात्यात, खुनाच्या तपासावर. बाहेर यांना पाहून लोक चळाचळा कापत आणि घरात यांना स्वतःचे पायमोजे सापडत नसत. असो. संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, मग तोही मोडला आणि कचेऱ्या ग्वाल्हेरहून भोपाळला निघाल्या. आमच्या लष्कर भागातली कितीतरी मराठी घरं सामान बांधून गेली. यजमान गेले तसे भिक्षुकही त्यांच्यामागे गेले. उरल्या त्या एकट्या विधवा, ज्यांना न्यायला कोणी आलं नाही.

त्या हिवाळ्यात अशा तिघीजणी आपापल्या घरात गळा आवळून मारलेल्या सापडल्या. तेही दिवसाढवळ्या! कडी तोडलेली नाही, आरडाओरडा नाही. अंगावरचं किडुकमिडुक तेवढं गेलेलं.

माझ्या वन्सं, म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, दौलतगंजात एकट्या राहत. आई लवकर गेली, तेव्हा यांना वाढवलं ते त्यांनीच. पुढचा नंबर अक्काचा तर नाही, या धास्तीनं यांची झोप उडाली होती. जयेंद्रगंजात आमच्याकडे चला म्हणून मी हजारदा सांगितलं. "नवऱ्याचं घर सोडून भावाच्या दारी पडू होय? हट्!" एवढंच उत्तर.

यांनी दूधवाल्याला धरला, एका बैराग्याला धरला, पडावाच्या टांगाअड्ड्यावरच्या एका टांगेवाल्याला तर मारून मारून अर्धमेला केला. मराठी माणसाची साधी चौकशीसुद्धा नाही. "आपल्यातलं कोणी असं करील का?" हे म्हणायचे.

"का हो, आपल्यातले काय सगळे संत?" मी विचारलं की टोपी उचलून बाहेर.

तिसरा खून झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी हे दुपारी घरी आले आणि ताटावर नुसते बसून राहिले. म्हणाले, "तिघींच्याही घरी चांगलाचुंगला स्वयंपाक होता गं. वडे, खीर, कसलीशी आंबट काळसर चटणी. कोणी पाहुणा येत असावा."

"चटणी आमसुलाची?"

"असेल. मला काय ठाऊक!"

कपाळ माझं! जन्मभर श्राद्धाची जेवणं जेवले, पण पानात काय होतं ते कधी पाहिलंय या पुरुषांनी? "अहो, पाहुणा कसला! श्राद्धाचा स्वयंपाक तो. त्यांच्याकडे ब्राह्मण जेवायला आला होता."

आणि बोलता बोलता मला एकदम आठवलं. आदल्या संध्याकाळी वन्संचा निरोप आला होता. उद्या यजमानांची तिथी, भिक्षुक मिळेना म्हणून जिवाला घोर होता, पण एक गुरुजी आपणहून विचारत आले, देशावरचे आहेत, बोलणं कसं शुद्ध. आज तीच तिथी होती. मी सांगितलं तसे हे ताटावरून उठले. हातसुद्धा धुतला नाही. मीही निघाले. नको म्हणाले, पण ऐकते कोण!

एक शिपाई पुढच्या दाराशी ठेवून आम्ही मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरलो. वन्सं वडे तळत होत्या. जिवंत! मला रडूच आलं. माजघरात तो पानावर बसला होता. मध्यम वयाचा, गोरटेला, खांद्यावर धुतलेलं उपरणं. शांतपणे जेवत होता मेला.

यांनी बहिणीच्या कानात सांगितलं. वन्संच्या हातातला झारा खाली पडला. हे पुढे सरकले तशी त्यांनी यांची बाही धरली.

"पानावरून उठवू नकोस. तुझे भाऊजी जेवताहेत रे. वर्षातून एकदा जेवतात."

"अक्का, तो खुनी आहे!"

"असेल. पण आत्ता या पानावर तो, तो नाही. जेवण होऊ दे, मग काय करायचं ते कर. तुला माझी शपथ आहे."

आणि माझा हा शूर नवरा चक्क थांबला. मला इतका राग आला! दाराआड उभे, मुठी आवळलेल्या, कपाळावर घाम. वन्संनी खीर वाढली, वडा घ्या म्हणून आग्रह केला. त्यानं दोनदा मागून घेतलं. मग हात धुतले, विडा घेतला, दक्षिणा घेतली.

आता यांनी पुढे व्हायचं, तोच वन्संनी पदर सावरला आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याचं उपरणं खांद्यावरून घसरलं ते थेट त्याच्या दोन्ही हातांत. मी किंचाळले. हे वाघासारखे त्याच्या अंगावर पडले.

त्याला बांधून नेल्यावर हे परत आत आले आणि लहान पोरासारखे ओरडले, "अक्का, सगळं सांगूनही वाकलीस कशाला? जीव गेला असता!"

वन्सं उष्ट्या पानाशी बसून होत्या. म्हणाल्या, "नवऱ्याच्या पाया पडत होते रे मी." आणि एकदम तोंडात पदर कोंबून हमसून हमसून रडायला लागल्या. "त्या तिघीही नवऱ्याच्याच पाया पडल्या असतील."