स्वयंपाकघरात चालणारी लेन्स

सांगलीतल्या कॅमेऱ्याच्या दुकानात मी गेले की दुकानदार आधी माझ्या मागं बघायचा, सोबत कोण पुरुषमाणूस आहे का म्हणून. कोणी नसायचं. कॅमेरा माझा होता, पगारातून सेकंडहँड घेतलेला, तळहातावर मावणारा मिररलेस. लेन्सही मीच निवडणार होते. एवढं त्याच्या गळी उतरवण्यात दोन खेपा गेल्या.

दरवेळी तो एकच लांबलचक झूम लेन्स काचेवर काढून ठेवायचा. "ताई, लग्नात लांब उभं राहून नवरीच्या नथीतला मोती टिपता येतो. आणि हातात दिसतेही भारी." अंधाऱ्या खोलीत चालेल का, विचारलं तर म्हणायचा, फ्लॅश मारा. फ्लॅश मारला की आमच्याकडच्या बायका पदर ओढून तोंड फिरवतात, हे त्याला कोण सांगणार!

आमचं गाव विट्याजवळ. निम्मे पुरुष गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या धंद्यात, कोण कुठल्या मुलखात. सगळे एकत्र येतात ते गावच्या जत्रेला. त्या दिवशी पुरुषांची पहिली पंगत उठली की अंगणात भाऊबंदांचा फोटो निघतो, दरवर्षी, न चुकता. बायका तेव्हा आत भाकरी थापत असतात. त्यांना कोणी मुद्दाम वगळत नाही. हाक मारायचं कुणाला सुचतच नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

दोन वर्षांपूर्वी काकू गेली. फोटो हवा म्हणून सगळं घर पालथं घातलं. काकांचे अल्बमभर फोटो निघाले, काकूचा धड एक नाही. शेवटी कुठल्याशा ओळखपत्रावरचा मोठा करून आणला. डोळे अर्धवट मिटलेले, चेहरा धुरकट. त्याला हार घालताना मी ठरवलं, आईचं असं होऊ देणार नाही. आणि आई कुठं असते? मागच्या स्वयंपाकघरात. एकच झरोका, भिंती काळ्याकुट्ट.

म्हणून मी आकड्यावर अडून बसले होते. लेन्सवरचा आकडा जितका लहान, तितकं तिचं तोंड मोठं उघडतं आणि उजेड जास्त आत येतो. ती झूम पाच-सहाच्या घरातली. मला हवी होती एक पॉइंट आठची. तसली आपोआप फोकस करणारी माझ्या आवाक्याबाहेर होती. उरली ती पंचवीस एमएमची, हातानं फोकस करायची, झूमच्या पाव किमतीतली. ती रुंद बघते, लहान खोलीत मागं सरकायची गरज नाही.

"ही हौशी लोक खेळायला नेतात," दुकानदार म्हणाला. "दरवेळी रिंग फिरवत बसणार का?"

बसणार होते! कुपवाडच्या कारखान्यात मी बारा वर्षं बोल्टचे आटे तपासते. केसभर चूक बोटांना आधी कळते, डोळ्यांना नंतर. रिंग फिरवायचं मला कोणी सांगू नये.

जत्रेला दादा आला. आदल्याच दिवशी घेतलेली लेन्स बघून म्हणाला, "बाटलीचं टोपण हाय व्हय गं? मला सांगितलं असतंस तर मोठी घिऊन दिली असती." मी त्याच्यावरच कॅमेरा रोखला, बटण दाबलं, तर कॅमेरा ढिम्म. अंगणात हशा पिकला. या साध्या लेन्सची कॅमेऱ्याला ओळखच पटत नाही, त्याला वाटतं लेन्स लावलेलीच नाही. कान तापलेले असतानाच मी मेनूत शिरले, 'लेन्स नसली तरी फोटो काढ' ही सोय शोधून चालू केली आणि अंगणाकडं पाठ करून आत गेले.

"आता नगं गं," आई म्हणाली. "हात पिठाचं हायती. लुगडं तरी बदलू दे."

"तू थाप भाकरी. माझ्याकडं बघू नगं."

पहिले आठ-दहा फोटो वाया गेले. ती हलायची, मी रिंग फिरवीपर्यंत क्षण निसटायचा. मग लक्षात आलं, भाकरी तव्यात टाकताना ती दरवेळी नेमकी तेवढीच पुढं वाकते. मी रिंग त्या जागी आणून ठेवली आणि थांबले. वहिनी काहीतरी बोलली, आई वाकता वाकता हसली आणि मी बटण दाबलं. खालून जाळाचा उजेड, मागं काळी भिंत. मला तिथंच रडू आलं.

पुरुष उठल्यावर बायका जेवायला बसल्या, तेव्हा मी तो फोटो दादाला दाखवला. त्यानं कॅमेरा हातात घेतला.

"लय भारी आलाय. फकस्त मागची भिंत काढून टाक. स्टुडिओत सांगून निळा पडदा टाकू, आन् गळ्यात दोन-चार डाग बी घालू सोन्याचं."

सोन्यात हात घालणाऱ्या घरांत हे सर्रास चालतं. जन्मात न घातलेले दागिने बाईला फोटोत मिळतात.

"न्हाई," मी म्हणाले.

"आगं, लोक काय म्हणतील? पोरगा गलाईत आन् आय चुलीपुढं?"

"आण हिकडं," आई ताटावरनं म्हणाली. डाव्या हातात कॅमेरा धरून तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला.

"भिंतीला हात लावू नगा," ती म्हणाली. "तुमी भाईर जेवत हुता, तवा मी हितंच हुते."

आईनं रश्श्यात भाकरी कुस्करली आणि जेवायला लागली.