रात्रभराची हवा

सिविल लाइंसमधल्या आमच्या बचाव पथकाच्या गोदामात माझं काम म्हणजे हवा भरायची लाइफ जॅकेटं तपासणं. संध्याकाळी जॅकेटं फुगवायची, दोरीवर टांगायची आणि घरी जायचं. सकाळी जे मऊ पडलं त्याला गळती आहे. ते बाजूला काढायचं, साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. यात विद्वत्ता काही नाही. फक्त मधल्या वेळात कुणी हात लावायचा नाही, एवढी अट. आणि माणसांना नेमकं तेवढंच जमत नाही.

त्या दिवशी पथकाला बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर नर्मदेच्या भर धारेत उडी मारून प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. पथकात माझी मुलगीही आहे. सकाळी गोदाम उघडलं तर सगळी जॅकेटं गरम पुऱ्यांसारखी टम्म. उन्हात भाजून जुनी झालेली जॅकेटं, आणि एकही मऊ नाही? मला आनंद होण्याऐवजी संशय आला.

दुसरी किल्ली चौकीदारकाकांकडे असते. ते शाबासकीच्या आशेने दारातच उभे होते.

"दीदी, सुबह देखा तो कुछ ढीली पड़ गई थीं, मैंने पंप मार दिया. साहब आने वाले हैं, अच्छा नहीं लगता न."

"कौन सी ढीली थीं?"

"अब वो कहाँ याद है? सब में थोड़ी-थोड़ी भर दी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बरं, ओरडावं तर म्हातारा माणूस, मनाने चांगला. पण थर्मामीटर झटकून ताप उतरला म्हणणारा हा चांगुलपणा मला कामचुकारपणाहून जास्त संताप आणतो!

तेवढ्यात पथकाचे साहेब आले. ओळीवरून नजर फिरवून म्हणाले, "बढ़िया, सब पास."

"सर, टेस्ट हुई ही नहीं. आज फिर टाँगनी पड़ेंगी, कल पता चलेगा."

"अरे, पाहुने घाट पे पहुँच गए!"

मुलगी जॅकेट न्यायला आत आली. "आई, तू काहून एवढी चिडून राहिली? सगळे गाडीत बसून राहिले ना." बोलता बोलता तिने समोरचं जॅकेट अंगात चढवलं. ते चांगलं की गळकं, मला सांगता येईना. मला, जिला पगारच त्याचा मिळतो!

साहेबांनी माझा चेहरा पाहिला. मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. "दीदी, टेंशन मत लो. अलमारी में एक नया पड़ा है. बिटिया को वो दे दो."

म्हणजे यांना कळत होतं. सगळं कळत होतं! माझ्या मुलीला नवं, आणि बाकीच्यांच्या आया या गोदामात नोकरीला नाहीत म्हणून त्यांच्या लेकरांना हे. कुणी शिवी दिली असती तरी मला इतका अपमान वाटला नसता.

मी मुलीच्या अंगातलं जॅकेट उतरवलं, नळीचं झाकण उघडलं आणि आतली कळ दाबली. हवा फुस्स करत निघून गेली. मग दुसरं घेतलं.

"ये क्या कर रही हो?" साहेब ओरडले.

"टेस्ट शुरू कर रही हूँ, सर. शुरू से."

मुलीने काय झालं ते विचारलं. साहेबांसमोरच मी तिला कपाटातल्या नव्या जॅकेटाचं सांगितलं. ती दारापर्यंत गेली आणि गाडीकडे बघून ओरडली, "उतरो सब. आज कोई पानी में नहीं जाएगा."