पाय टेकण्याइतकी गाडी

आईला धक्के बसू नयेत म्हणून मी गाडीला नव्या स्प्रिंगा बसवून आणल्या, आणि त्या दिवसापासून आईला गाडीत बसताच येईना.

गाडी जुनी. काचा हातानं फिरवायच्या, दार दोनदा आपटायचं. बेळगुंदीहून बेळगावला कचेरीत जायला घेतलेली, पण आईचं डायलिसिस सुरू झाल्यावर ती खरं म्हणजे आईचीच झाली. आई उंचीनं एवढीशी. तिची बसायची रीत ठरलेली होती. दाराकडं पाठ करायची, हातानं चौकट धरायची, सीटवर टेकायचं आणि पाय भुईवर ठेवूनच जरा दम खायचा. मग एक पाय आत, आणि तो आला की दुसरा. वर्षानुवर्षं दबून दबून ती गाडी नेमकी आईच्या मापाची झाली होती. हे मला कळलं ते नव्या स्प्रिंगा बसवल्यावर. गाडी चार बोटं वर उचलली गेली होती. आई कशीबशी टेकली, पण पाय लोंबकळले आणि ती घसरून माझ्या अंगावर आली.

"कुणाची गाडी आणलास रं ही?" ती म्हणाली.

खाली पाट ठेवून बघितला. तो डुगडुगला. त्यानंतर तिनं पाटाचं नाव काढू दिलं नाही. उचलून बसवतो म्हटलं तर म्हणाली, "रताळ्याचं पोतं हाय व्हय मी? चौघांनी उचलायचा दिवस येनारच हाय. तवा उचला."

मी गॅरेजच्या मेस्त्रीकडं पळालो. म्हटलं, जुन्या स्प्रिंगा परत घाल बाबा. तर त्या भंगारात गेलेल्या, आणि त्यातली एक तर तडकलेलीच होती. तो हसत म्हणाला, "मग लोअरिंग स्प्रिंगा घाला की अण्णा. पोरं घालत्यात त्या. गाडी पार खाली बसत्या." निपाणीत हायवेच्या कडेला तसलं दुकान आहे, असंही त्यानं सांगितलं.

रविवारी गेलो. दुकानात निळे दिवे, तऱ्हेतऱ्हेचे हॉर्न, आणि मधोमध पोट सुटलेला, शर्ट खोचलेला मी. मालक माझ्याहून निम्म्या वयाचा.

"काका, पोराला घेऊन या. पसंती त्येची असत्या."

"पोराची न्हाय. आईसाठी पायजेत."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग गाडीकडं. "आईचं वय काय?"

"ऐंशीच्या घरात."

"मग सायलेन्सरबी आवाजाचा घालूया की!"

दुकानातली सगळी हसली. मीही हसलो, दुसरं करणार काय? मग खिशातून सुतळी काढली. आईच्या टाचेपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतचं माप घेऊन तिथं गाठ मारून आणली होती. "सीट एवढीच उंच पायजे," म्हटलं. मालकाचं हसू थांबलं. तो गुडघ्यावर बसला आणि सुतळी दाराशी धरून सीटची उंची मापली.

इतक्या जुन्या गाडीला नवं सामान कोण करतंय? पण माळ्यावरून त्यानं एक वापरलेला सेट काढला, लालभडक. "एका पोराचं लगीन ठरलं, आणि सासरा काय गाडीत बसंना. म्हणून काढलाय ह्यो," म्हणाला. म्हणजे कुणाच्या तरी सासऱ्याच्या कृपेनं माझी आई गाडीत बसली.

आणि बसली ती अगदी झोकात. दाराकडं पाठ केली, टेकली, पाय भुईवर. दोन्ही टाचा जमिनीवर आपटून बघितल्या आणि म्हणाली, "आता आली बघ माझी गाडी घरला."

पुढचा संसार मात्र हंपांशी, म्हणजे स्पीडब्रेकरांशी. रस्त्यावरचा प्रत्येक हंप गाडीचं पोट खरवडून काढायचा. मी तिरका चढवायचो, दम रोखून धरायचो, पोट आत ओढायचो, जणू माझंच घासणार आहे. मागून मोटारसायकलवरची पोरं ओरडायची, "काका, रेस लावायची काय?" शेवटी बायकोनं उपाय काढला. ती मागं बसायची. हंप आला की उतरायची, तेवढ्या वजनानं गाडी वर यायची, ती हंप चालत ओलांडायची आणि पलीकडं परत चढायची. सासू मात्र पुढच्या सीटवर, पदर सावरून, समोर बघत.

"आत्या, लोकं म्हनतील सासूनं सुनंला गाडीतनं उतरवलं," बायको खिडकीतून म्हणायची.

"उतरवलंच की! बस लवकर. माझं रगत धुवायला उशीर हुतोय."

दवाखान्यातून परतताना ती थकून गेलेली असायची, कधी डोळेही उघडायची नाही. पण घराशी आलो की दार उघडायची वाट बघायची, पाय आधी बाहेर काढायची, भुईला टेकवायची आणि स्वतः उठायची. कितीही वेळ लागो. आम्ही दोघं नुसते हात पुढं धरून उभे. तिचं तेवढं एकच उरलं होतं, आणि ते जपायला आम्ही घासत होतो.

पावसानं उघडीप दिली होती तेव्हाची गोष्ट. दवाखान्यातून येताना ती एकदम म्हणाली, "बाळ, मळ्याकडं घे जरा. येल बघू दे."

त्या वर्षी रताळ्याचे वेल तिनं पाहिलेच नव्हते. लावणीला ती पहिल्यांदाच घरी बसलेली. मी गाडी डांबरीवरून खाली मळ्याच्या वाटेला घातली. ट्रॅक्टरनी पाडलेल्या चाकोऱ्या, मधे गवताचा उंचवटा. दहा पावलं गेलो असेन, पोट घासलं. बायको उतरली. मी परत रेटलं. गाडी उंचवट्यावर टेकली आणि पुढची चाकं नुसती फिरली.

नव्या स्प्रिंगांची उंच गाडी त्या वाटेनं सहज गेली असती. पण तिच्यात आई बसली नसती.

"खुर्ची आणतो," मी म्हटलं. "दोघं धरून नेतो तुला."

"मिरवणूक काढतोस व्हय माझी?" तिनं काच फिरवून खाली केली. मळा तिथून वळणाच्या पलीकडं, शेजाऱ्याच्या उसामागं. ती बराच वेळ तिकडं बघत राहिली. मग म्हणाली, "दिसतंय की हितनं. चांगलं आल्यात येल. चल."

मी तिच्या नजरेच्या रेषेत बघितलं. ऊस होता. नुसता ऊस.

मी गाडी मागं घ्यायला लागलो. बायको पुढून, बॉनेटवर वाकून ढकलत होती, तिचंही तोंड दिसत नव्हतं.

पुढच्या खेपेला वाट सारखी करून घेतो, मुरूम टाकतो, असं मी घरी येईपर्यंत बडबडत होतो. आई व्हय व्हय म्हणत होती. मुरूम पडायच्या आत ती गेली. तिच्या शब्दाप्रमाणे चौघांनी उचललं. आमचं स्मशान गावाच्या दुसऱ्या अंगाला आहे, त्यामुळं मळा त्या वाटेवरही लागला नाही.

गाडी अजून तशीच खाली बसलेली. मी एकटा कचेरीला जातो. एकट्याच्या वजनाला ती फारशी घासत नाही, तरी हंप आला की तिरकी घेतो, आणि मागचं दार उघडल्याचा आवाज येईल म्हणून क्षणभर थांबतो. मागची गाडी हॉर्न वाजवते.

आईचं दिवसकार्य झाल्यावर एका संध्याकाळी मी बायकोला म्हटलं, "रविवारी निपाणीला जाऊन येतो. उंच स्प्रिंगा घालून घेतो परत. म्हणजे मळ्याकडंबी गाडी जाईल."

ती सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आता मळ्याकडं कुणाला न्यायचं हाय?"