रेफ्रीची गाडी

इंदूआत्या गेली तेव्हा मी कुरकुंभला पहिल्या पाळीवर होतो. प्लांटमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत. पाळी सुटल्यावर लॉकर उघडला आणि शेजारच्या काकूंचे इतके मिस्ड कॉल दिसले, की फोन लावायच्या आधीच काय ते समजलं. सकाळी ती ओट्याशी उभी होती. रविवारी मॅच कुणाची, म्हणून विचारलं. जंक्शनची, आणि रेफ्री मीच, असं मी सांगितलं. "मग घसा शेकून ठिवते," म्हणाली... एवढंच आमचं शेवटचं बोलणं.

कवठे येमाईहून नोकरीसाठी दौंडला आलो तो आत्याच्याच घरी. तिला मूलबाळ नव्हतं. मामा, म्हणजे तिचे यजमान, रेल्वेत होते आणि जंक्शन इलेव्हन या आमच्या फुटबॉल क्लबाचे गोलकीपर. ते गेल्यावर तिने क्लब सोडला नाही, उलट जास्तच धरला. दर मॅचला गोडेतेलाचा रिकामा डबा काखेत मारून यायची, कॉर्नरच्या झेंड्यामागे तो उपडा घालायची आणि त्यावर बसायची. गोल झाला की उठून तोच डबा बडवायची. लग्नाच्या बँडला लाजवील असा आवाज निघायचा त्यातून.

दौंडात एक गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती : रेफ्री आपल्यावर अन्याय करतात. कारणही ठरलेलं होतं. रेफ्री पुण्याहून यायचे आणि त्यांना परतीची गाडी गाठायची असायची. आपण मागे असलो की हा माणूस वाढीव वेळ देणार नाही, शिट्टी मारून थेट स्टेशन गाठणार, यावर क्लबातल्या सगळ्यांचं एकमत होतं. आपण पुढे असताना त्याची गाडी नेमकी कशी लेट होते, याचीही चर्चा चालायची. आत्याची आरोळी त्यातूनच आलेली. शेवटची मिनिटं आली की ती झेंड्यामागून ओरडायची, "रेफ्री, गाडी चुकंल तुझी." सगळं मैदान हसायचं, कधीकधी रेफ्रीसुद्धा.

मग मीच रेफ्रीची परीक्षा दिली. आत्याला हे कसं सांगावं, याचा मला घोर लागला होता. ऐकून तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, की आता मैदानात आपली ओळख बंद. तोवर मॅचनंतर तिचा डबा मीच घरी आणायचो. तेही बंद झालं. रेफ्रीने क्लबाचा डबा उचलायचा नाही, लोक बघतात. आणि पहिल्याच मॅचला तिने माझा असा उद्धार केला, की पुण्याच्या कुठल्याही रेफ्रीला एवढं ऐकावं लागलं नसेल. ज्याने रात्री तिच्याच घरी जेवायचं, त्याला ती "गाडी चुकंल" म्हणून ओरडत होती. घरी आल्यावर मी फुगून बसलो. तेव्हा ताटात वाढता वाढता म्हणाली, "म्या तोंड सोडलं न्हाई, तर लोकं तुला घरचा रेफ्री म्हंतील. मग तुझी शिट्टी कोन ऐकंल?"

तिची खरी परीक्षा पुढे झाली, एका फायनलला. पुण्याचा रेफ्री आलाच नाही, म्हणून मला उभं केलं. पुण्याच्या पाहुण्या टीमने कुरकुर केली, पण आत्याने अर्ध्या वेळेपर्यंत माझे जे वाभाडे काढले ते ऐकून त्यांनाच माझी दया आली. आणि अगदी शेवटी, पलीकडच्या टोकाला, आमच्याच गोलसमोर, आमच्या कॅप्टनचा हात बॉलला लागला. मी पेनल्टी दिली. त्यावरच जंक्शन हरलं.

शिट्टी झाली तशी आमचीच माणसं मला घेरून उभी राहिली. पुण्याला विकला गेला, कुणीतरी म्हणालं. एकाने माझी कॉलर धरली. तेवढ्यात गर्दीतून डबा आधी आला, त्यामागून आत्या. इतकी वर्षं एकाही रेफ्रीचा एकही निर्णय तिने मान्य केलेला नव्हता. कॉलर धरलेला हात तिने बाजूला केला. "पेनल्टी व्हती. म्या बघितली," एवढंच बोलली. गर्दी पांगली, पण त्या मोसमात क्लबातलं कुणी तिच्याजवळ बसायला गेलं नाही. ती मात्र दर मॅचला एकटी डब्यावर बसून राहिली. मला ते बघवत नसे.

त्या दिवशी घरी येऊन तिने चहा टाकला. कप माझ्या हातात देऊन, शेजारी ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिने विचारलं, "व्हती का रं पेनल्टी?"

तू तर बघितली म्हणालीस ना, असं मी विचारलं.

"मला कुठं दिसतंय तिकडचं गोलपोस्ट? मोतीबिंदू झालाय दोनी डोळ्यांत. तू दिली म्हंजी आसंल."

त्याच महिन्यात तिचं ऑपरेशन करून घेतलं. नंतर रेफ्रींच्या चुका तिला आणखी स्वच्छ दिसायला लागल्या. हळूहळू क्लबातली माणसंही झेंड्यामागे परत आली.

ती गेली त्यानंतरच्या रविवारची मॅच मी घेतली नाही. परवाची घेतली. निघताना तिचा डबा दाराआड दिसला, तो उचलून नेला आणि कॉर्नरच्या झेंड्यामागे उपडा ठेवला. त्यावर कुणी बसलं नाही. जंक्शनने शेवटी शेवटी गोल केला, चोख गोल होता, आणि पाहुण्यांच्या बाजूने आवाज आला, "घरचा रेफ्री हाय ओ." आत्या म्हणाली होती तसंच झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं मी ते... वाढीव वेळ मी पुरता दिला. सारखा झेंड्याकडे बघत होतो. तिकडून कुणी ओरडलं नाही.

शिट्टी मारली, मैदान ओलांडून गेलो आणि डबा काखेत मारला. लोक बघत होते. बघू देत म्हटलं. रमतगमत घराकडे निघालो. मला कुठलीच गाडी गाठायची नव्हती.