गोलातली रिकामी जागा

कमलाकर राऊत सरांची आणि माझी पहिली भेट माझ्या फजितीची आहे. तलासरीच्या शाळेत मी मराठीची शिक्षिका म्हणून रुजू झाले, त्या दिवशी हजेरी घेताना एक मूल ‘हजर’ म्हणेल तर शपथ. पाड्यांवरून वसतिगृहात नव्यानेच आलेली ती मुलं मान वर करायलाच तयार नव्हती. पुढच्या तासाला मैदानावरून गलका ऐकू आला म्हणून डोकावले, तर व्यायामशिक्षक राऊत सरांनी त्याच मुलांना गोलात बसवलं होतं आणि प्रत्येक जण उजवीकडच्या शेजाऱ्याचं नाव ओरडून सांगत होता.

“बाई, नवख्या पोराला स्वतःचं नाव घ्यायला धीर होत नाही. दुसऱ्याचं मात्र बेधडक घेतं,” सर म्हणाले. “बसा तुम्हीही. तुमचं नाव कोणीतरी घेऊ दे.” पहिल्या दिवसाची नवी कोरी साडी नेसून मी मातीत बसले. शेजारच्या मुलीने माझं नाव घेतलं, “नलिनी”, आणि सगळी पोरं खदखदून हसली. त्या गोलात सर, बाई, दादा असं काही लावायला मनाई असते, हे मला तेव्हा कळलं.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या अंकात त्यांच्या क्रीडाक्षेत्रातल्या कामाविषयी जाणकार लिहितीलच. मी लिहिणार आहे ते निवृत्तीनंतरच्या उद्योगाविषयी, म्हणजे नरपडच्या किनाऱ्यावरच्या रविवाराविषयी. या उद्योगात त्यांनी मलाही ओढलं आहे, आणि त्याने माझी झोप उडवली आहे. सर हट्टी आहेत. एकदा ठरवलं की ऐकत नाहीत, हे गौरवलेखात लिहू नये असा संकेत असेल, तर संपादकांनी खुशाल कात्री लावावी.

डहाणू-नरपडच्या चिकूच्या वाड्यांमध्ये अलीकडे नेपाळहून बरीच तरुण मुलं-मुली कामाला येतात. राखण करतात, फळं उतरवतात, पेट्या भरतात. सुट्टीच्या दिवशी जायचं कुठे, बोलायचं कोणाशी, काही ठाऊक नसतं. वाडीच्या कुंपणाला टेकून मोबाइल बघत बसतात. गावाने त्या सगळ्यांना मिळून एकच नाव ठेवलं होतं, बहादूर. एकदा सरांना बाजारात एक मुलगा भेटला. सरांनी नाव विचारलं तर तो म्हणाला, “कुछ भी बोलो साब.” सर घरी आले ते तणतणतच. पुढच्या रविवारी त्यांनी सुरूच्या बनाजवळ व्हॉलीबॉलचं जाळं बांधलं. त्या पोरांना हा खेळ जीव की प्राण असतो, हे कळायला वेळ लागला नाही.

गावच्या मैदानावर क्रिकेटवाल्यांचा हक्क, म्हणून खेळ ओहोटीच्या ओल्या, कडक वाळूवर. त्यामुळे रविवारची वेळ घड्याळाने ठरत नाही, तिथीने ठरते. सर पंचांग पाहून निरोप पाठवतात. खेळ झाला की गाणी, आणलेला खाऊ, आणि उठण्याआधी तोच तलासरीचा गोल. दसऱ्याला त्या मुलांनी आपल्या मुलखाच्या रीतीने बांबूचा उंच झोका उभारला, तेव्हा गावातली पोरं रांग लावून उभी होती. पण सुरुवातीला मुलांना सोडायला वाडीमालक राजी नव्हते. त्यांच्यातले मोठे हसमुखशेठ सरांना म्हणाले, “मास्तर, परमुलखातली पोरं. काही झालं तर जबाबदार कोण?”

“मी,” सर म्हणाले.

“मग काही झालं त्या दिवसापासून बंद. कबूल?”

सरांनी कबूल केलं. मी शेजारीच उभी राहून ऐकत होते. ही एवढी पोरं, समोर दर्या, आणि पहिल्या चुकीला सगळं संपणार. तेव्हापासून एकही रविवार मी निवांत बसून खेळ पाहिलेला नाही.

गेल्या थंडीतली गोष्ट. पौर्णिमा तोंडावर आली होती, पाणी खूप आत गेलं होतं. खेळ रंगला, मग गोल बसला. नावं घेत घेत फेरी कमल नावाच्या मुलापर्यंत आली. त्याने उजवीकडे मान वळवली आणि तो तसाच थांबला. शेजारची जागा रिकामी होती.

“शर्मिला,” तो म्हणाला, आणि मग हळूच, “नहीं है.”

शर्मिला हसमुखशेठांच्या वाडीत पेट्या भरणारी मुलगी. सर उठले. आम्ही सगळ्यांनी समुद्राकडे पाहिलं. दूर वाळूच्या उंचवट्यावर ती पाठमोरी उभी होती, हातात मोबाइल धरून. तिच्या आईने जन्मात समुद्र पाहिला नव्हता, तो ती तिला व्हिडिओ कॉलवर दाखवत होती. समोरचं पाणी अजून लांब होतं, म्हणून ती निर्धास्त होती. डोंगरातल्या पोरीला नदी ठाऊक. नदी चढली तर समोर दिसते, आवाज करते. आमच्या किनाऱ्याची भरती आधी मागचा खोलगट पट्टा भरते, तोही गुपचूप. तो पट्टा भरत आला होता.

कोणीतरी हाक मारली. तिने वळून पाहिलं, मधलं पाणी दिसलं, आणि ती आमच्याकडे धावत सुटली. त्या पट्ट्यातून पाणी ओढीने वाहतं. तिला पोहता येत नव्हतं. ती पाण्यात उतरली असती तर संपलंच होतं.

सरांनी शिटी फुंकली. एकच, लांबलचक. खेळात त्या शिटीचा अर्थ असतो, असेल तिथे स्तब्ध. दर रविवारी दहादा खेळून तो मुलांच्या अंगात मुरलेला होता. शर्मिला पाण्याच्या काठावर जागीच थांबली. सर तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “शर्मिला, वर जा. उंचवट्यावर. माझ्याकडे बघ.” ती मागे सरकली. सर दोन्ही हात वर धरून उभे राहिले, तिने नजर हलवू नये म्हणून.

मैदानावर क्रिकेट खेळणारी नरपडची पोरं शिटी ऐकून धावत आली. त्यांचा कप्तान नितेश हा कोळ्याचा मुलगा. व्हॉलीबॉलच्या जाळ्याची दोरी सोडता सोडताच तो सरांना दटावून म्हणाला, “सर, तुम्ही नाय उतरायचं. गुडघे बघा तुमचे.” सर ऐकतात थोडेच. दोरीचं टोक कमरेला गुंडाळून छातीभर पाण्यात जाऊन उभे राहिले. नितेश आणि त्याचे दोन मित्र दुसरं टोक घेऊन पोहत पलीकडे गेले. तोवर उंचवटा पाण्याखाली जाऊन ती पोटऱ्यांपर्यंत बुडाली होती. सर सारखं तिचं नाव घेत होते. प्रत्येक हाकेला ती “जी” म्हणायची. एकदा लाट आली आणि “जी” ऐकू आलं नाही. मग पुन्हा “जी” आलं.

दोरी धरून पोरांनी तिला आणलं. मोबाइल पाण्यात गेला होता. सर थंडीने कुडकुडत होते, मी शाल पुढे केली तर ती बाजूला सारून शर्मिलाच्याच गावच्या कमलला म्हणाले, “आधी हिच्या आईला फोन लाव. शिटी तिने ऐकली असेल.” पलीकडून रडणं ऐकू आलं, भाषा मला कळली नाही, पण मीही रडले.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात बैठक बसली. हसमुखशेठ म्हणाले, “मास्तर, मी बोललो होतो ने? आता बंद.”

“जबाबदार मी आहे,” सर म्हणाले. “भरती मागून येते हे पहिल्याच दिवशी शिकवायला हवं होतं, ते मी शिकवलं नाही. पण शेठ, पाण्यात अडकलेल्या मुलीचं नाव काय?”

शेठांनी शेजारच्या मालकाकडे पाहिलं. मग म्हणाले, “ती आपली... नेपाळी पोरगी.”

“शर्मिला. ते नाव घ्यायची शेजाऱ्याची पाळी होती, म्हणून ती नाही हे आम्हाला वेळेत कळलं. रविवार बंद करा. मग उद्या ती तुमच्या वाडीतून नाहीशी झाली, तर ते कोणाला आणि केव्हा कळेल, तेवढं मला सांगा.”

मी पदराचं टोक पिळत बसले होते. तेवढ्यात नितेश उठला आणि म्हणाला, “वाळूत निशाणं आम्ही लावतो. त्याच्यापुढं कोण गेला तर आमच्याशी गाठ.” “येत्या रविवारी मी येतो,” शेठ म्हणाले. “बघतो, मग ठरवतो.”

तो रविवार माझ्या सगळ्यात काळजीचा. शेठ आले, इस्त्रीच्या पँटीनिशी गोलात बसले. शर्मिला मुद्दाम त्यांच्या उजवीकडे जाऊन बसली. फेरी त्यांच्यापर्यंत आली. गोलाचा नियम त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. त्यांनी मान वळवली, घसा खाकरला आणि म्हणाले, “शर्मिलाबेन.” नियम मोडल्याबद्दल सर त्यांना काही बोलले नाहीत. रविवार आजही चालू आहे, आणि क्रिकेटची पोरंही आता गोलात बसतात.

या अंकाचा प्रकाशन समारंभही सरांनी ओहोटी पाहूनच ठरवायला लावला आहे. शालीला त्यांची हरकत नाही, भाषणांना आहे. दीर्घायुष्य, आरोग्य, सगळं मी त्यांच्यासाठी मागतेच आहे, गुडघ्यांसकट. पण देवाकडे माझं खरं मागणं वेगळं आहे. भरती चढायच्या आत, पुढे कितीतरी वर्षं, तो गोल बसावा. नावं घेत घेत फेरी सरांच्या शेजाऱ्यापर्यंत यावी. कालपरवाच या मुलखात आलेल्या एखाद्या पोराने उजवीकडे मान वळवावी, ती जागा भरलेली दिसावी, आणि त्याने बेधडक म्हणावं, “कमलाकर.”